न उडणाऱ्या विमानाचा जीर्णोद्धार

पाश्चात्य देशांतील काही विमान-संग्रहालयांतून अलीकडे एक उद्योग चालू असतो. त्याची हकीकत प्रथमच ऐकणाऱ्यास तो काहीसा विक्षिप्तपणाचा वाटल्यावाचून राहणार नाही. सैन्यातून निवृत्त झालेली जेट विमाने डागडुजी करून, रंग देऊन लोकांसमोर मांडावी, हे कोणासही समजण्यासारखे आहे. ज्याने पराक्रम केला त्याचा पुतळा उभारावा तसेच ते आहे. परंतु ही मंडळी विमानांच्या वाटेस न जाता, ज्या यंत्रात बसून वैमानिक विमान चालविण्याचा नुसता अभ्यास करीत, त्या यंत्राचा जीर्णोद्धार करीत बसलेली असतात. इंग्रजीत त्यास सिम्युलेटर म्हणतात. मी त्याला आभासविमान म्हणेन. हे यंत्र कधीही उडाले नाही. उडावे म्हणून ते घडविलेलेच नव्हते. त्याने ना शत्रू पाहिला, ना आकाश. तरीदेखील निवृत्त तंत्रज्ञ, वीजविद्येचे हौशी जाणकार आणि एखाददुसरा पांढऱ्या केसांचा वैमानिक आपले शनिवार-रविवार खर्चून, एखाद्या थंडगार गोदामात त्याच्या तारांची भेंडोळी उलगडीत बसतात. एका नकलेची एवढी निगा का राखावी, हा प्रश्न वरवर गमतीचा दिसला तरी मला तो तसा वाटत नाही. जुनी वस्तू जपणे म्हणजे नेमके काय जपणे, हा जो मोठा प्रश्न आहे, तो या क्षुल्लक दिसणाऱ्या उदाहरणात जितका उघडा पडतो तितका ताजमहालासारख्या भव्य उदाहरणात पडत नाही.

या यंत्राचा जन्मच मोठा गमतीचा आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. मुलास विमानाचा नाद. पण विमानात बसून शिकणे महागाचे. तेव्हा त्याने १९२९ साली ऑर्गनमधील भाते आणि हवेच्या झडपा घेऊन त्यांवर एक आखूड पंखांचे लाकडी विमान बसविले. दांडा डावीकडे लवविला की एका भात्यातील हवा कमी होई आणि ते खेळणे डावीकडे कलत असे. आरंभी त्यास गिऱ्हाईक मिळाले ते जत्रा-करमणुकीच्या बागांतून. पुढे १९३४ साली अमेरिकेच्या सैन्याकडे विमानाने टपाल नेण्याचे काम आले. धुक्यात व रात्री केवळ उपकरणे पाहून विमान चालविण्याची सवय नसल्यामुळे थोड्याच दिवसांत अनेक तरुण वैमानिक प्राणांस मुकले, आणि मग त्या खेळण्याची सरकारला आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली. गिरगावातील वाचकांना भाता म्हटले की पेटी आठवेल. पेटीवरही आपल्याकडे असाच आक्षेप होता, की ती कंठाची नक्कल करू पाहते आणि श्रुती व मींड यांच्यापाशी अडते. नभोवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर काढले ते सुमारे तीन दशके. परंतु ज्या घरांतून गाणे शिकले जाई त्या घरांतून ती हलली नाही. कारण शिकणाऱ्याला नकलेची गरज असते. हे मी विषयांतर म्हणून सांगत नाही.

जेट विमानांच्या काळात हे भात्याचे खेळणे फार पालटले. वेग वाढला, तशी चुकीस मिळणारी सवड कमी झाली. आपल्या आरमाराने घेतलेले सी हॉक हे जेट विमान पाहा: त्यात एकच आसन. त्याची दोन आसनांची शिक्षण-आवृत्ती निघालीच नाही. म्हणजे गुरूला शिष्याच्या शेजारी बसण्यास जागाच नाही. शिष्याचे पहिले उड्डाण ते एकट्याचेच उड्डाण. अशा विमानांच्या काळी गुरूस कोठे तरी बसविणे भाग होते. आभासविमानात तो बाहेरच्या मेजाशी बसतो. त्याच्यापुढे कळांची एक रांग असते, आणि एक कळ दाबली की आतल्या तरुणाच्या इंजिनास आग लागते, दुसरी दाबली की चाके उतरत नाहीत. आत बसलेला घामाघूम होतो, चुकतो, त्याचे विमान जमिनीवर आदळते. आणि मग दार उघडून तो बाहेर येतो व चहा घेतो. मनुष्याने स्वतःच्या मरणाची उजळणी करावी आणि तीवाचून काही शिकावे, अशी दुसरी सोय आपल्या संस्कृतीत मला तरी आढळत नाही.

या यंत्राच्या पोटात काय असे? आजच्यासारखे अंकांवर चालणारे गणकयंत्र नव्हे. विमानाचा वेग, उंची, कल, वाऱ्याचा दाब या सर्वांची समीकरणे विजेच्या दाबाच्या रूपाने सोडविणारी ॲनलॉग गणकयंत्रे असत: व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर, फिरते रोधक, दातेरी चक्रे आणि लहान लहान मोटारी. विमान जितके वर जाई तितकी एक तबकडी खरोखरच फिरे. बाहेरचे दृश्य दाखविण्याची तऱ्हा तर अधिकच मजेची होती. एका भल्या मोठ्या फळीवर शेते, रस्ते, धावपट्टी, झाडे अशी खेळण्याएवढी भूमी बनवीत, आणि वैमानिकाने दांडा हलविला की त्या भूमीवरून एक दूरचित्रवाणीचा कॅमेरा सरकत जाई. दिवाळीत आपली मुले किल्ला करतात आणि त्याच्या उतारावर हळीव पेरतात, तसाच तो प्रकार. फरक एवढाच की त्या किल्ल्यावरून युद्धाचे शिक्षण होत होते.

आता जीर्णोद्धार करणाऱ्याची अडचण लक्षात येईल. पन्नास-साठ वर्षांनी त्या तारांचे आवरण ठिसूळ झालेले असते. व्हॉल्व्ह मिळत नाहीत. नकाशे हरवलेले असतात. आणि ज्याने शेवटची दुरुस्ती केली तो बहुधा वारलेला असतो. मग या मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, आतले सर्व जुने आतडे काढून टाका, आजचे एखादे साधे गणकयंत्र बसवा, आणि जुन्याच तबकड्या व जुनाच दांडा त्यास जोडा. म्हणजे पाहुण्यास आत बसून उडण्याचा अनुभव घेता येईल. दुसरा पक्ष म्हणतो, असे केल्यास उरते ते केवळ कातडे. पेंढा भरलेल्या वाघास वाघ म्हणत नाहीत. इंग्लंडातील ब्रुकलँड्स येथील संग्रहालयाने काँकॉर्ड या विमानाचे आभासविमान २००९ साली पुन्हा चालू केले. ते विमान प्रवासी होते, लष्करी नव्हे. पण प्रश्न तोच. तेथे कक्ष आणि उपकरणे जुनी आहेत, समोरचे दृश्य दाखविणारी सामग्री नवी आहे, आणि जी यंत्रणा पूर्वी त्या कक्षास हलवून वैमानिकाच्या पोटात गोळा आणीत असे ती आता नाही. हे जपणे झाले की नव्याने करणे झाले?

तर्कशास्त्र शिकविणाऱ्यास अशा वेळी थीसियसच्या जहाजाची आठवण होणे स्वाभाविकच आहे. अथेन्सच्या लोकांनी आपल्या वीराचे जहाज जपून ठेवले. एक एक फळी कुजली तशी ती बदलली. शेवटी जुनी एकही फळी उरली नाही. ते जहाज तेच की दुसरे? प्लुटार्कने नोंदविलेल्या या कोड्यात हॉब्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने एक खवचट भर घातली: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांचे पुन्हा जहाज जुळविले, तर खरे जहाज कोणते? आपल्याकडे याच जातीचा प्रश्न भिक्षू नागसेनाने ग्रीक वंशाच्या मिलिंद राजास विचारला होता. राजा रथात बसून आला होता. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकास नाही म्हणत गेला. नागसेनाचा रोख निराळा होता. त्यास वस्तूचे सातत्य सिद्ध करावयाचे नव्हते, तर 'रथ' हे आपण अवयवांच्या मांडणीस दिलेले नाव होय, एवढेच दाखवावयाचे होते. ग्रीकाचे मन फळीत गुंतले आणि भिक्षूचे नावात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या समाजाची जुनी रीत या बाबतीत भिक्षूकडे झुकलेली दिसते. अहिल्याबाई होळकरांनी १७८०च्या सुमारास काशीस विश्वेश्वराचे देऊळ बांधविले तेव्हा दगड जुने की नवे, हे कोणी विचारले नाही. मूर्ती भंगली तर ती डकवून ठेवावयाची नाही. विधिपूर्वक जलाशयात सोडून नवी घडवावयाची. आपल्या दृष्टीने जे जपावयाचे ते दगडात नसून प्रतिष्ठेत असते. म्हणूनच आपल्याकडे देवळे जिवंत राहिली आणि शिल्पे चुन्याखाली गेली. या सौद्यात आपला फायदाच झाला असे मात्र मला म्हणवत नाही. पुष्कळ सुंदर दगड आपण भक्तीने नासविला आहे.

असो. आभासविमानास हे कोडे लावून पाहिले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. संग्रहालयात ठेवलेले खरे विमान हे एका अर्थी खोटे असते. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एच एफ २४ मरुत हे विमान उभे आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक याच्या हाताखाली बंगळुरास त्याची रचना झाली आणि १७ जून १९६१ रोजी ते प्रथम उडाले. आज ते पावसात भिजत उभे असते, मुले त्याच्यासमोर छायाचित्रे काढून घेतात. पण ज्याचा धर्मच उडणे तो पदार्थ उडत नसेल तर आपण त्याचा देह पाहतो, त्याला पाहत नाही. आभासविमानाची गोष्ट उलटी आहे. त्याचा धर्म जमिनीवर राहून उडण्याची नक्कल करणे हाच होता. ते चालू केले आणि आत बसलेल्याचा हात दांड्यावर घट्ट झाला, की ते सैन्यात असताना जे करीत होते तेच, तसूभरही कमी न होता, आज करीत आहे. आकाशात वावरणाऱ्या विद्येच्या सर्व साधनांपैकी संग्रहालयाच्या छपराखाली खऱ्या अर्थाने जिवंत राहू शकेल असे हे एकच, आणि ते नकली म्हणून हिणविले गेलेले.

यावर कोणी म्हणेल, ज्या परीक्षेची ही तयारी होती ती परीक्षाच आता रद्द झाली आहे. मग या तयारीस अर्थ काय? आम्हा शिक्षकांना हा आक्षेप ओळखीचा आहे. लॅटिनपासून लॉगॅरिथमच्या कोष्टकांपर्यंत अनेक तयाऱ्या आमच्या डोळ्यांदेखत निरर्थक झाल्या. तथापि तयारी हीसुद्धा मनुष्याची एक कृती आहे, आणि कृतीचा इतिहास तिच्या फळाहून वेगळा सांगता येतो. युद्ध कसे झाले हे पुस्तकांत सापडते. युद्धाला जाणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाचा हात रोज सकाळी कोणत्या क्रमाने कोणत्या कळांवरून फिरत होता, हे त्या कक्षात बसल्यावाचून समजत नाही.

येथे आपल्या मुंबईचे एक उदाहरण दृष्टीआड करता येत नाही, आणि ते आनंदाचे नाही. ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाची बांधणी १९४३ साली इंग्लंडात हर्क्युलिस या नावाने सुरू झाली. १९४५ साली ते पाण्यात उतरले, युद्ध संपले म्हणून अर्धवट राहिले, १९५७ साली भारताने विकत घेतले, आणि बेलफास्ट येथे पुरे होऊन ४ मार्च १९६१ रोजी आपल्या आरमारात दाखल झाले. १९७१ सालच्या डिसेंबरात, चार बाष्पपात्रांपैकी एक निकामी असल्यामुळे वेग मंदावलेला असतानाही, त्याच्यावरील सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव येथे हल्ले चढविले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ते निवृत्त झाले. २००१ पासून मुंबईस तरंगते संग्रहालय म्हणून राहिले. २०१२ साली धोक्याचे ठरून बंद झाले. ते चालविण्यास राज्य शासनास भांडवलदार भागीदार मिळाला नाही. न्यायालयांत दाद मागून झाली. अखेर साठ कोटी रुपयांच्या आसपास किमतीस ते लिलावात गेले आणि २०१४च्या नोव्हेंबरात दारूखान्यात त्याच्यावर गॅसच्या ज्योती चालू लागल्या. रे रोडच्या बाजूने जाणाऱ्यास दारूखाना ठाऊक असतो. तेथे जहाजे येतात ती पत्रा होण्यासाठी.

मी माझ्या मुलीस घेऊन हे जहाज पाहावयास गेलो होतो. आत विमाने होती, चित्रे होती, अरुंद जिने होते. आणि धावपट्टीच्या टोकाशी तो प्रसिद्ध वर उचललेला उतार होता, जेथून सी हॅरियर विमाने झेप घेत. तेथील माणूस मोठ्या अभिमानाने १९७१ची हकीकत सांगत होता. पण १९७१ साली तो उतारच नव्हता. त्या वेळी वाफेच्या बळाने विमान पुढे फेकणारे यंत्र होते; ते काढून १९८०च्या दशकाच्या दुरुस्तीत हा उतार बसविला गेला. मग जे जपावे म्हणून आपण एवढे तळमळलो ते जहाज कोणते? १९४५चे की १९६१चे? चितगावचे की सी हॅरियरचे? जीर्णोद्धार करणाऱ्यास नेहमी एक क्षण निवडावा लागतो आणि बाकीचे क्षण मारावे लागतात. हे पाप टळत नाही. ते उघडपणे करावे एवढेच शक्य असते. जहाजाच्या बाबतीत आपण मात्र कोणताच क्षण निवडला नाही.

पुढे जे झाले ते हॉब्सने ऐकले असते तर त्याने टाळी दिली असती. त्याच्या कोड्यात जुन्या फळ्या गोळा करून पुन्हा जहाज होते. आमच्या कोड्यात त्यांची मोटारसायकल झाली. बजाज कंपनीने विक्रांतच्या मोडीतील धातू घेऊन तो आपल्या एका गाडीत वापरला आणि २०१६ साली ती बाजारात आणली. त्याच वर्षी जानेवारीत नौदल गोदीच्या लायन गेटाजवळ अर्झन खंबाटा या शिल्पकाराने त्याच मोडीतून घडविलेले एक स्मारक उभे राहिले. आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीस जे नवे विमानवाहू जहाज दाखल झाले त्यास विक्रांत हेच नाव आणि आर ११ हाच जुना क्रमांक देण्यात आला. आता मोजून पाहा: धातू एका ठिकाणी, आकाराची आठवण दुसऱ्या ठिकाणी, नाव तिसऱ्या ठिकाणी. मिलिंद राजाचा रथ यापेक्षा अधिक विस्कळीत होता असे वाटत नाही. ज्यांनी ती मोटारसायकल घेतली त्यांना मी हसत नाही. आठवण अंगावर वागवावी ही इच्छा खोटी नव्हती. फक्त टाकीवरच्या शिक्क्यावाचून त्या धातूला आपण काय होतो हे सांगता येत नव्हते.

नावाच्या सातत्याचे आणखी एक बोलके उदाहरण आपल्या विमानदलातच आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरास सैनिक घेऊन उतरलेल्या डाकोटा विमानाचा क्रमांक व्ही पी ९०५. २०१८ साली विमानदलास भेट मिळालेले, परदेशात मोडीतून वाचवून उडते केलेले डाकोटा विमान त्याच क्रमांकाने रंगविले आहे. पण ते विमान ते नव्हे. तसा दावाही कोणी करीत नाही, आणि म्हणूनच मला त्यात काही वावगे दिसत नाही. नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका करणारा नट महाराज नसतो हे ठाऊक असूनच आपण उभे राहतो.

वावगे होते ते हा फरक बुजविण्यात. याचे उदाहरण आमच्याच गिरगावातले आहे. शिवकर बापूजी तळपदे या गृहस्थांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडविले, असे आपल्याकडे वर्षानुवर्षे सांगितले जाते. तळपदे ही खरी व्यक्ती. त्यांची विमानविद्येची हौसही खरी. परंतु त्या उड्डाणाचा समकालीन, विश्वसनीय असा पुरावा उपलब्ध नाही. तरीही त्यावर २०१५ साली चित्रपट निघाला, आणि त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. ज्या वैमानिकशास्त्र नामक ग्रंथाचा आधार घेतला जातो तो विसाव्या शतकातला असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच काढला होता. आता एक तुलना करून पाहावी. आभासविमान हे पहिल्या दिवसापासून स्वतःस नक्कल म्हणवीत आले, आणि त्या प्रामाणिक नकलेने असंख्य जीव वाचविले. चौपाटीचे विमान मात्र स्वतःस मूळ म्हणवते, आणि त्याचा एकही खिळा कोणास दाखविता येत नाही. पहिल्याचा जीर्णोद्धार करता येतो. दुसऱ्याचा फक्त विस्तार होतो. तळपद्यांवर खरा अन्याय झाला तो हाच, की त्यांच्या धडपडीचा शोध घेण्याचे कष्ट आपण दंतकथा सांगून वाचविले. चिराबाजारच्या एका माणसाने त्या काळी उडण्याचा ध्यास घ्यावा, एवढे सत्यच पुरेसे रसाळ होते.

आतापर्यंत मी वस्तूविषयी बोलत आलो; पण जीर्णोद्धाराचे मर्म वस्तूपेक्षा हातांत आहे, असे मला अधिकाधिक वाटू लागले आहे. परळ-लालबागला राहणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला; अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतील बहुतेकांना साच्यावर परतण्याचा दिवस आलाच नाही. साचे मोडीत गेले. फिनिक्स गिरणीच्या जागी बाजार झाला, आणि त्यात धुराडे तेवढे शोभेस ठेविले. धुराडे ठेवणे सोपे असते. त्यास पगार द्यावा लागत नाही. तुटलेला धागा चालत्या साच्यावर एका फटक्यात सांधणारी बोटे ही त्या गिरणीतील सर्वांत मोलाची वस्तू होती, आणि ती कोणत्याही यादीत नव्हती. जपानात इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर संपूर्ण नवे बांधतात. मागचे बांधकाम २०१३ साली पुरे झाले. तेथे लाकूड जुने राहत नाही, पण सुतार जुना राहतो. लालबागेतही दुसरे काय होते? १९३४ पासून तेथील सार्वजनिक गणपतीची मूर्ती दर वर्षी घडते आणि अनंत चतुर्दशीस गिरगावच्या समुद्रात जाते. माती गेली म्हणून कोणी रडत नाही, कारण घडविणारे घर शाबूत आहे.

आभासविमानाच्या जीर्णोद्धाराकडे मी आता या दृष्टीने पाहतो. गोदामात बसलेली ती म्हातारी मंडळी पत्रा वाचवीत नाहीत. त्यांतील एखादा पूर्वी त्याच यंत्रावर नोकरीस असतो, आणि अमुक तबकडी थरथरली की कोठे टिचकी मारावी हे त्यास ठाऊक असते. ते ज्ञान कोणत्याही नकाशात नसते. तेव्हा दोन पक्षांच्या भांडणात माझे मत असे की, जुने आतडे काढून नवे गणकयंत्र बसविण्यास हरकत नाही, पण तत्पूर्वी जुने एकदा तरी चालवून पाहावे, आणि काढलेले फेकू नये; शेजारी मांडावे, आणि काय बदलले ते मोठ्या अक्षरांत लिहावे. नुसते खेळणे पाहिजे असेल तर ते बाजारात मिळते. विशाखापट्टणमने ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००२ साली किनाऱ्यावर आणून ठेविली; तेथे माहिती सांगावयास माजी नौसैनिक असतात. हा मनुष्य दारात उभा असेपर्यंत ती पाणबुडी आहे. तो गेला की लोखंडी बोगदा उरेल.

एक आक्षेप मात्र मला सहज बाजूस सारता येत नाही. हे यंत्र शेवटी मारण्याची विद्या शिकविण्यासाठी होते. रविवारी त्यात बसणारे मूल हसत बाहेर येते. त्याच्या दृष्टीने कोणी मेले नाही, कोणाचे घर जळले नाही. खेळण्याएवढ्या भूमीवर घरे असतात, पण घरांत कोणी नसते. मूळ शिष्यास निदान हे ठाऊक होते की आपण ज्याची उजळणी करतो आहोत ते एके दिवशी खरे होणार आहे. तो धाक त्या कक्षाची अर्धी यंत्रणा होती, आणि तिचा जीर्णोद्धार करण्याचे साधन कोणापाशी नाही. गोव्यास बोगमाळोच्या वाटेवरील नौदल-विमान संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर ही विमाने उभी आहेत. तेथे मी पाहिले की मुले विमानाच्या पोटाखालून पळतात आणि वडीलधारी माणसे पाटीवरील आकडे वाचतात: वेग किती, पल्ला किती. चालविणाऱ्याचे वय किती होते, हे पाटीवर नसते. असते, तर बहुधा पळणे थांबले नसते. पण वाचणारे थोडे अधिक वेळ उभे राहिले असते.

हा प्रश्न आता आपल्या दारीच आला आहे. मिग २१ हे विमान १९६३ साली आपल्या विमानदलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाले. त्याच्या अपघातांत कितीतरी तरुण गेले. त्याआधीची पायरी म्हणून मधल्या वेगाचे शिक्षण-विमान हवे अशी मागणी १९८०च्या दशकापासून होत होती. ते हॉक विमान २००८ साली दाखल झाले. मिग विमाने आता चौकाचौकांत उभी राहतील, त्यांना रंग मिळेल, पंधरा ऑगस्टला हारही पडतील. परंतु ज्या तबकड्यांसमोर बसून मुले शिकली, ज्या पुस्तिकांच्या कडेला गुरूंनी पेन्सिलीने खुणा केल्या, त्या वस्तूंना भंगाराच्या यादीत वजनावारी किंमत असते. यांपैकी बरीचशी विमाने नाशिकजवळ ओझर येथील कारखान्यात जुळविली गेली. त्या वेळी तेथे विशीत लागलेले कामगार आज सत्तरी ओलांडून नाशिकात, पुण्यात, कोणी दादरला मुलाकडे राहत असतील. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणाऱ्या वृद्धांत असा एखादा आढळला, तर कोणत्या झडपेचा कोणता आवाज वाईट समजावा, हे त्यास विचारून लिहून ठेवण्यास एक वही आणि दोन तास पुरतील.